वाचकांचे प्रश्न : वजन आणि मूत्रपिंड

प्रश्न : माझे वय २७ वर्षे, उंची १६८ सेंटिमीटर व वजन ९६ किलो आहे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर आणि क्रिएटिनिन (०.९) नॉर्मल आले; मात्र रक्तदाब १३८/८८ आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ७० निघाले. मधुमेह नसताना केवळ वजनामुळे मूत्रपिंडाला इजा होते का? वजन उतरवण्यासाठी जिममध्ये प्रोटीन पावडर आणि एक ‘आयुर्वेदिक’ चूर्ण सुचवले आहे. ते घ्यावे का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : होय, मधुमेह नसतानाही अशी इजा होऊ शकते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात आणि जन्मानंतर त्यांत नव्याने भर पडत नाही. शरीर वाढते, तसे गाळायचे काम वाढते, पण गाळणारे तेवढेच राहतात. त्यामुळे प्रत्येकावरचा दाब वाढतो, त्यातील केशवाहिन्यांचा गुच्छ फुगतो आणि रक्तात राहायला हवे ते अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. जन्मतः वजन फार कमी असलेल्यांत नेफ्रॉनची संख्या मुळातच कमी असण्याची शक्यता असते, म्हणून आपले जन्मवजन आईला विचारून डॉक्टरांना अवश्य सांगावे.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हे मी आग्रहाने सांगेन. मूत्रपिंडांची कार्यक्षमता साधारण निम्म्यावर येईपर्यंत ते नॉर्मल मर्यादेत राहू शकते आणि लठ्ठपणाच्या सुरुवातीच्या काळात तर गाळण नेहमीपेक्षा जास्त होत असल्याने अहवाल अधिकच चांगला भासतो. आपल्या बाबतीत खरी सूचना लघवीने दिली आहे. हे गुणोत्तर ३० च्या आत असावे. तथापि ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा जोरकस व्यायाम यांनीही ते तात्पुरते वाढते, म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी तीन महिन्यांच्या काळात आणखी दोनदा करावी. तीनपैकी दोन अहवाल वाढलेले आले, तर मूत्रपिंडतज्ज्ञांकडे जावे. लघवीत रक्तपेशी आढळल्यास मात्र वाट पाहू नये. सगळा दोष वजनावर टाकून मोकळे होण्याआधी दुसरा आजार नाही ना, हे पाहिलेच पाहिजे.

आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा, ३४ आहे. भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात आणि पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात. दिलासा असा की या टप्प्यावर पाच ते दहा किलो वजन उतरले, तरी अल्ब्युमिन आणि रक्तदाब दोन्ही कमी होण्याची चांगली शक्यता असते. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. पापड, लोणचे, फरसाण आणि रात्री उशिरा मागवलेले बाहेरचे जेवण यांतले मीठही त्यात मोजावे. रक्तदाब घरी मोजून नोंदवावा. औषध लागल्यास लघवीतील अल्ब्युमिनही कमी करणाऱ्या गटातील औषध डॉक्टर निवडतात.

प्रोटीन पावडर तूर्त घेऊ नये, कारण जादा प्रथिनांनी गाळणीवरचा ताण वाढतो. वरण, उसळ, दही, अंडी यांतून गरज भागते. चूर्णाबाबत मी अधिक कठोर आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींचे मिश्रण घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. त्या मिश्रणात चुकून आलेल्या एका वनस्पतीत ॲरिस्टोलोकिक आम्ल होते. आपल्याला सुचवलेल्या चूर्णात तेच आहे, असे मी म्हणत नाही. पण घटक ठाऊक नसलेले काहीही पोटात जाऊ नये. व्यायामानंतर अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन स्वतःहून घेणेही टाळावे.

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. वजन वाढल्यापासून ‘किडनी साफ राहावी’ म्हणून ती रोज पाच-सहा लिटर पाणी पिते. हे योग्य आहे का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : मूत्रपिंडे पाण्याने धुतली जात नाहीत, दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि बहुतेक सगळा परत रक्तात घेतात. मुतखड्याची प्रवृत्ती नसेल, तर तहान भागेल आणि लघवीचा रंग फिकट राहील इतके पाणी पुरे. तिचा रक्तदाब आणि लघवीतील अल्ब्युमिन मात्र एकदा तपासून घ्यावे; पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये.