जत्रेतलं नाटक लाइव्ह दाखवायचंय? कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी आवाज

तुम्ही विचारलंय की गावच्या जत्रेतलं दशावतारी नाटक यंदा यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं आहे, एक चांगला मोबाइल हाताशी आहे, तेवढ्यावर भागेल का? आणि देवस्थान समितीतले काही ज्येष्ठ म्हणतात की घरबसल्या दिसायला लागलं तर मांडवात कोण येणार, त्यांना काय सांगायचं?

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. लग्न-मुंजींचं शूटिंग हा आमचा घरचा धंदा. गेली सात वर्षं आमच्या आणि शेजारच्या गावांतल्या जत्रांचं लाइव्ह करतो आहे. त्यामुळे जे करून बघितलंय तेच लिहितो.

मोबाइलवर भागतं. चित्रापुरतं तर नक्कीच. मी सुरुवात मोबाइलनंच केली होती. स्टँडवर फोन, समोर रंगमंच, चित्र झकास. गणपतीचा प्रवेश झाला, संकासुर आला, मी खूश. तेवढ्यात मस्कतहून चुलतभावाचा फोन आला, "अरे, दिसता सगळा, पण आयकाक कायच येना!" फोन मी भोंग्याच्या खांबापासून सात-आठ फुटांवर ठेवला होता. फोनचा चिमुकला माईक त्या दणक्यानं गुदमरून गेला होता. वर जनरेटरची घरघर आणि मागच्या खाज्याच्या दुकानांवरचा कलकलाट. त्या रात्री साडेचार तास मी जगाला मुकं नाटक दाखवलं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथानक रंगपटात, म्हणजे रंगमंचामागे पात्रं तयार होतात तिथे, ठरतं आणि राजा काय बोलणार ते राजाच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. तिथे आवाज गेला म्हणजे नाटकच गेलं. चित्र जरा धूसर झालं तर माणूस चालवून घेतो, पण आवाज तुटला की दोन मिनिटांत उठतो.

म्हणून पैसे घालायचे असतील तर आधी आवाजावर घाला. साऊंडवाल्याला आदल्या दिवशीच गाठा आणि मिक्सरमधून, म्हणजे सगळे माईक एकत्र येतात त्या यंत्रातून, एक वेगळं आऊटपुट मागून घ्या. ते फोनला किंवा कॅमेऱ्याला जोडायची वायर बाजारात मिळते, मात्र फोनला नुसती हेडफोनची वायर चालत नाही, माईकचा सिग्नल घेणारी लागते. आता यातली खरी मेख. मिक्सरमध्ये असतात ते पात्रांच्या बोलण्यासाठी लावलेले माईक. पखवाज आणि झांज मुळातच मोठ्या आवाजाची, मांडवात ती थेट ऐकू येतात, त्यामुळे साऊंडवाला त्यांना माईक देत नाही किंवा नावापुरता देतो. मिक्सरचा आवाज सरळ लाइव्हला जोडला की पलीकडच्या माणसाला पात्रं नीट ऐकू येतात, पण पखवाज कुठे तरी विहिरीत वाजल्यासारखा. युद्धाच्या प्रवेशात तर अगदी ओकंबोकं वाटतं. त्यावर उपाय एकच. एक जादा माईक पायपेटी (पायानं भाता चालवायची हार्मोनियम) आणि पखवाजाच्या मधे लावायचा आणि तो फक्त लाइव्हच्या आऊटपुटला द्यायचा, भोंग्याला नाही. मला हे कळायला दोन जत्रा गेल्या.

दुसरी गोष्ट इंटरनेटची. लोक फोनवर स्पीड तपासतात आणि डाउनलोडचा आकडा बघून खूश होतात. तुम्हाला हवा आहे अपलोडचा. 720 पी, म्हणजे फुल एचडीच्या खालच्या दर्जाच्या, चित्रासाठी साधारण 4 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 4 मेगाबिट, लागतात. हे बिट झाले, आठानं भागा, म्हणजे सेकंदाला अर्धा एमबी. तासाला 1.8 जीबी, पाच तासांच्या नाटकाला 9 जीबी. आणि अपलोड नेमका 4 असून चालत नाही. तो वरखाली होत असतो, त्यामुळे निदान दुप्पट हवा. दुपारी रिकाम्या देवळात तो तेवढा मिळतोही. पण टॉवर सगळ्यांचा मिळून एकच. रात्री अकराला मांडवात हजारभर माणसं जमतात, प्रत्येकाच्या खिशात फोन, त्यातले निम्मे व्हिडिओ पाठवताहेत. दुपारचा आकडा रात्री कुठल्या कुठे जातो. देवळाजवळच्या ज्या घरात फायबर आहे त्या घरच्यांना विनंती करा आणि तिथल्या राउटरपासून लॅनची (नेटची) वायर ओढा. ती शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. आमच्या गावात असं एक घर आहे. जत्रेच्या रात्री त्यांच्या खिडकीतून निघालेली निळी वायर माडांवरून देवळात येते आणि घरातली आजी पोरांना बजावून ठेवते की आज कुणी राउटरला हात लावायचा नाही. राउटरला छोटा यूपीएस मात्र लावा, कारण पाळणे सुरू झाले की विजेचा दाब खालीवर होतो.

यूट्यूबच्या बाजूचे दोन नियम आधीच बघून ठेवा. नव्या चॅनलवर लाइव्ह सुरू व्हायला 24 तासांपर्यंत वेळ लागतो, आणि मोबाइलवरून थेट लाइव्ह करायला किमान 50 सबस्क्रायबर लागतात. जत्रेच्या दिवशी सकाळी खातं उघडलं तर रात्री हात चोळत बसावं लागेल. लॅपटॉपवरून केलं तर 50 ची अट नाही. लॅपटॉपवरून लाइव्ह पाठवणारं ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शिकायला एक संध्याकाळ पुरते.

हे आत कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण ते कळलं की चुका कमी होतात. फुल एचडी चित्रात 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगाला 24 बिट आणि सेकंदाला 25 चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला जवळपास 1244 मेगाबिट होतात. एवढं ओझं कुठल्याच घरातून बाहेर जाणार नाही. ते चार-पाच मेगाबिटांवर आणायचं काम कोडेक करतो. एच.264 हा 2003 सालचा कोडेक आजही सगळीकडे चालतो. त्याची युक्ती अशी की मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच तो पाठवतो. दशावतार त्याला फार मानवतो. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, हलणार फक्त पात्रं. पण राक्षसाच्या प्रवेशाला धूर सोडला की चित्रातला प्रत्येक ठिपका बदलायला लागतो, बिट अपुरे पडतात आणि चित्राचे चौकोन दिसू लागतात. पुष्कळांना वाटतं नेट गेलं. नेट जाग्यावरच असतं, धूर ओसरला की चित्र आपोआप सावरतं. तिथे घाबरून लाइव्ह बंद करून पुन्हा सुरू करू नका. नवी लिंक तयार झाली की अर्धे प्रेक्षक जुन्याच लिंकवर बसून राहतात. एलईडी दिवे लुकलुकताना दिसले तर कॅमेऱ्याचं शटर 50 वर (म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग) ठेवा, आपली वीज 50 हर्ट्झची आहे.

तुमचं चित्र पोचलं की यूट्यूब त्याच्या वेगवेगळ्या दर्जाच्या आवृत्त्या करतो, काही सेकंदांचे तुकडे पाडतो, आणि ज्याचं नेट जसं तसा तुकडा त्याला देतो. आपल्याकडे एकाच मडक्यातली पेज कुणाला घट्ट वाढतात, कुणाला निवळ, तसंच. दुबईत मोठ्या टीव्हीवर बघणाऱ्याला एक, गोव्यापासून दूर कुठे कमजोर नेटवर असलेल्याला दुसरी. हे तुकडे पाडणं, साठवणं आणि पोचवणं यातच पंधरा-वीस सेकंद ते अर्धा मिनिट जातो, म्हणून मांडवात बसून फोनवर तेच लाइव्ह लावू नका, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. 2005 साली यूट्यूब आलं तेव्हा यातलं काही आपल्या गावापर्यंत येईल असं कुणाच्या मनात नव्हतं. 2016 च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि दोन-तीन वर्षांत आमच्याकडच्या साठीच्या बायकासुद्धा भजनं फोनवर लावायला लागल्या.

आता ज्येष्ठांचा प्रश्न. त्यांना उडवून लावू नका, त्यांची काळजी खरी आहे. पण आमच्या गावात सात वर्षांत मांडव लाइव्हमुळे रिकामा झालेला मी पाहिला नाही. जे येत नाहीत त्यांची कारणं निराळी आहेत. नाटक रात्री अकरानंतर उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तालुक्यातली कितीतरी पोरं पाळीच्या ड्युटीवर आहेत. ती जत्रा बुडवतात ते नाइलाजानं, आणि दुसऱ्या दिवशी बसमधून जाताना तेच नाटक बघतात. दुबईत घड्याळ आपल्या दीड तास मागे, तिथे नाटक साडेनऊला लागतं, जेवणं आटोपून सगळं घर बसतं. आमच्या वाड्यावरची एक काकू गुडघ्यांमुळे तीन वर्षं देवळाच्या पायऱ्या चढलेली नाही. तिच्या नातवानं टीव्हीवर लाइव्ह लावून दिलं तेव्हा आरतीच्या वेळी ती खुर्चीवरून उठून हात जोडून उभी राहिली, हे मी पुढच्या दिवशी वायर गुंडाळायला गेलो तेव्हा त्या घरच्यांनी सांगितलं. असल्या माणसांसाठी लाइव्ह आहे, असं सांगा ज्येष्ठांना.

मात्र एक तक्रार मला पूर्ण पटते, आणि ती कंपनीवाल्यांची आहे. दशावतारी कंपनी एका हंगामात गावोगाव नाटकं करते. आज तुमच्याकडे रंगलेलं आख्यान उद्या शेजारच्या गावात लावायचं असतं. ते आधीच सगळ्यांच्या फोनवर असलं तर त्यांच्या पोटावर पाय येतो. कायद्यानंही कलाकाराचा हक्क आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं तो आला. म्हणून नाटक ठरवतानाच मालकाला स्पष्ट विचारा. माझा अनुभव असा की विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. काहींची अट असते की लाइव्ह दाखवा, पण रेकॉर्डिंग ठेवू नका. तर संपल्याबरोबर ते प्रायव्हेट करून टाका, दोन क्लिकचं काम आहे. गावातल्या हौशी मंडळींचं लिखित नाटक असेल तर लेखकाची किंवा त्याच्या वारसांची परवानगी लागते. लेखक जाऊन 60 वर्षं झाली असतील तर प्रश्न नाही. आणि मध्यंतरात साऊंडवाल्याला सिनेमाची गाणी लावू देऊ नका. यूट्यूबची यंत्रणा ती लगेच ओळखते आणि तुमचं लाइव्ह मधेच झाकून टाकते. एका जत्रेत माझं असं झालं आणि सगळा उत्तरार्ध गेला.

रेकॉर्डिंगची एक प्रत मात्र मालकाच्या संमतीनं स्वतःजवळ वेगळी ठेवा, ओबीएस लाइव्ह करता करताच ती करतो. माझ्या वडिलांनी नव्वदच्या दशकात व्हीएचएसवर दशावतार घेतले होते. कॅसेट तीन तासांची, ती बदलेपर्यंतचा प्रवेश निसटायचा. मागच्या पावसाळ्यात पेटी उघडली तर सगळ्या फितींवर पांढरी बुरशी. त्यांतल्या एका कॅसेटवर एका जुन्या नटाची स्त्रीपार्टी भूमिका होती. तो आता नाही, आणि त्या रात्री तो जे बोलला ते कुठेच लिहिलेलं नाही. मी कापसानं एकेक इंच पुसत बसलो, वीस मिनिटांचा तुकडा निघाला. तेवढा दोन हार्ड डिस्कवर आणि त्याच्या मुलाकडे ठेवलाय.

जत्रेच्या चार दिवस आधी संध्याकाळी देवळात जाऊन सगळं जोडून अनलिस्टेड, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल असं, लाइव्ह करून बघा. रंगमंचावर कुणाला तरी बोलायला लावा, पखवाजवाला गावातलाच असेल तर त्याला बोलावून घ्या, आणि परदेशातल्या एका ओळखीच्या माणसाला लिंक पाठवून फक्त ऐकायला सांगा. पखवाजाची थाप त्याला पोटात लागते का, एवढंच विचारा. काही अडलं तर खाली लिहा, जत्रा संपेपर्यंत मी रोज रात्री बघत असतो.