अकरा हजार माणसांच्या देशाला संसद कशाला? (तुवालूबद्दल)

तुमचा प्रश्न असा आहे: "तुवालू नावाचा देश बुडतोय आणि ऑस्ट्रेलियाने तिथल्या सगळ्यांना बोलावून घेतलंय असं वाचलं. लोकसंख्या जेमतेम ११ हजार. एवढ्यांना पंतप्रधान, संसद आणि युनोत खुर्ची कशाला? आमच्या गावातला एक वॉर्ड याहून मोठा आहे. आणि तिथे जाता येतं का?"

वॉर्डाचं खरं असेल. बाकीच्यात दोन-तीन गोष्टींची गल्लत झाली आहे. नोकरीमुळे मी काही वर्षं फिजीत, सुवाला होतो आणि तिथून दोनदा तुवालूला जाऊन आलो. तेवढ्यावर तज्ज्ञ होता येत नाही, पण तिथल्या माणसांशी भरपूर गप्पा झाल्या. जरा लांबण लागेल.

आधी नकाशा. फिजीच्या उत्तरेला साधारण ११०० किलोमीटरवर नऊ बेटं एका तिरक्या रेषेत पसरली आहेत. वरच्या टोकाच्या नानुमेआपासून खालच्या निउलाकितापर्यंत अंतर पावणेसातशे किलोमीटर आणि एवढ्या पसाऱ्यात जमीन किती, तर सगळी मिळून २६ चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा चौथा हिस्सा. डोंगर नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही. सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून साडेचार मीटरच्या आसपास. बहुतेक बेटं म्हणजे पोवळ्यांची कंकणं आहेत. मध्ये शांत, उथळ पाणी, कडेला जमिनीची बारीक पट्टी आणि पट्टीच्या पलीकडे उघडा पॅसिफिक.

राजधानी फुनाफुती. तिथल्या फोंगाफाले या बेटावर देशातली निम्म्याहून जास्त माणसं राहतात. बेट १२ किलोमीटर लांब, रुंदी मात्र काहीशेच मीटर. काही ठिकाणी ते इतकं चिंचोळं होतं की रस्त्यावर उभं राहिलं की एका कानात समुद्राची गाज येते आणि दुसरीकडे खाजणासारखं निपचित पाणी दिसतं. रुंद भागात सगळ्यात मोठी मोकळी जागा म्हणजे विमानाची धावपट्टी. ती अमेरिकनांनी १९४२-४३ मध्ये जपानविरुद्धच्या लढाईसाठी बांधली. विमानं आठवड्यातून मोजकीच, त्यामुळे बाकी वेळ ती गावाचं मैदान असते. संध्याकाळी उन्हं कलली की फुटबॉल, व्हॉलीबॉल, मोटरसायकलवर पोराबाळांना घेऊन फेऱ्या. उकाडा फार झाला तर रात्री चटया घेऊन लोक तिथेच झोपायला येतात. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो. माझ्या परतीच्या दिवशी भोंगा झाला तेव्हा दोन पोरं खांबाची जाळी सोडत होती आणि एक आजी कुत्र्यांना हाकलत होत्या. कुणालाही घाई म्हणून नव्हती.

आता संसद कशाला, ते. 'तुवालू' या शब्दाचा अर्थच 'आठ जण एकत्र उभे' असा आहे. नववं निउलाकिता फार लहान. १९४९ मध्ये निउताओ बेटाच्या लोकांनी तिथे वस्ती केली आणि आजही मतदारसंघात ते निउताओबरोबरच धरतात. तिथला माणूस भेटला की पहिला प्रश्न "तुझं बेट कोणतं?" हाच असतो. माझ्या ओळखीच्या एका कारकुनाचा जन्म, शाळा, नोकरी सगळं फुनाफुतीतलं, तरी तो स्वतःला वाइतुपूचा म्हणवायचा. मुंबईत तीन पिढ्या काढून गाव मालवण सांगणारी माणसं आपल्याकडे आहेतच, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही.

इंग्रजांच्या काळात ही एलिस बेटं होती आणि उत्तरेच्या गिल्बर्ट बेटांबरोबर (आजचं किरिबाती) एकाच वसाहतीत बांधलेली होती. गिल्बर्टचे लोक मायक्रोनेशियन, एलिसचे पॉलिनेशियन. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, आणि संख्येने गिल्बर्टवाले कितीतरी जास्त. स्वातंत्र्य जवळ आलं तशी एलिसच्या लोकांना चिंता लागली, की सगळं त्यांच्याच हाती गेलं तर आपलं काय. १९७४ मध्ये सार्वमत झालं आणि ९० टक्क्यांहून जास्त मतं वेगळं होण्याच्या बाजूने पडली. अट कडक होती. वेगळं झालात तर बानाबा बेटाच्या फॉस्फेटच्या उत्पन्नात वाटा नाही, वसाहतीच्या गंगाजळीत वाटा नाही, एक बोट मिळेल. घरातून वाटणी मागणाऱ्या धाकट्याला एक भांडं देऊन बाहेर काढावं तसा प्रकार! तरी त्यांनी ते पत्करलं आणि १ ऑक्टोबर १९७८ ला देश स्वतंत्र झाला. "एवढ्याला वेगळा देश कशाला" हा तुमचा प्रश्न त्यांना तेव्हाच विचारून झाला होता.

राज्यकारभार वरवर पाहता इंग्रजी वळणाचा आहे. राष्ट्रप्रमुख ब्रिटनचा राजा, त्याच्या वतीने तुवालूचाच एक गव्हर्नर जनरल. संसदेत १६ सदस्य, आठ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन, मुदत चार वर्षं. राजकीय पक्ष नाहीत. एकही नाही. प्रत्येक जण आपल्या बेटाकडून निवडून येतो आणि पंतप्रधान कोण, हे निकालानंतर सोळा जण एकमेकांच्या घरी बसून ठरवतात. इकडचे दोन तिकडे गेले की सरकार गेलं. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत पंतप्रधान कौसेआ नातानो स्वतःच पडले. नंतर नवा पंतप्रधान निवडायला महिना लागला, कारण हवामान बिघडलेलं आणि दूरच्या बेटांवरच्या खासदारांना आणणाऱ्या बोटी राजधानीला पोचत नव्हत्या! शेवटी फेलेती तेओ बिनविरोध पंतप्रधान झाले.

एवढं लहान म्हणून पोरखेळ चालतो असं समजू नका. २०१३ मध्ये पंतप्रधान विली तेलावी यांचं बहुमत एका पोटनिवडणुकीनंतर गेलं आणि ते संसद बोलवायलाच तयार होईनात. गव्हर्नर जनरलनी शेवटी त्यांना पदावरून काढलं. राजाचा किंवा राणीचा प्रतिनिधी निवडून आलेल्या पंतप्रधानाला घरी पाठवतो हे राष्ट्रकुलात क्वचित घडतं. इथे ते घडलं आणि दंगाधोपा न होता एनेले सोपोआगांचं सरकार आलं. देशाकडे सैन्य नाही, फक्त पोलीस आहेत.

खरा कारभार मात्र मला बेटाच्या पातळीवर दिसला. प्रत्येक बेटाची एक 'फालेकाउपुले' असते, म्हणजे आपल्या शब्दांत गावकी. मोठ्या, भिंती नसलेल्या सभागृहात वडीलधारे खांबांना टेकून चटईवर बसतात. कोण कुठल्या खांबाशी, हे ठरलेलं असतं. कायद्याने या सभेला १९९७ पासून अधिकृत अधिकार आहेत, आणि रोजची कामं 'काउपुले' नावाचं निवडून आलेलं मंडळ बघतं. जमीन बहुतेक भावकीची, सामायिक. त्यामुळे सरकारला साधी पाण्याची टाकी बांधायची असली तरी आधी त्या भावकीच्या दारात जावं लागतं. सातबाऱ्यावर चाळीस नावं असलेल्या जमिनीचा अनुभव ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

"मग खातात काय, पैसा कुठून येतो?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय चित्र पुरं होत नाही.

जमिनीत उगवतं ते नारळ, नीरफणस, केवडा आणि 'पुलाका'. पुलाका म्हणजे आपल्या अळूचा थोराड भाऊबंद, पानं माणसाच्या डोक्यावर जाणारी. तो लावायला पोवळ्याच्या जमिनीत मोठे खड्डे खणून खालच्या गोड्या पाण्याच्या थरापर्यंत जातात आणि त्यात पिढ्यानपिढ्या पालापाचोळा टाकून माती तयार करतात. त्या देशात माती ही अशी हाताने बनवावी लागते. मी एका खड्ड्याच्या काठावर उभा होतो. निम्मी झाडं तजेलदार, निम्म्यांची पानं कडेने करपलेली. मालकाने बोट बुडवून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, चाख. खारट. बाकी जेवणात आता बोटीने येणारा तांदूळ, मैदा आणि डब्यातलं मांस, त्यामुळे मधुमेह घरोघरी. माडाची पोय छेदून रस काढायची पद्धत अगदी कोकणातली. तिला 'कालेवे' म्हणतात. ताजी गोड पितात, आटवून पाक करतात, आंबवून झिंगतातही.

सरकारी तिजोरीत मोठा वाटा समुद्राचा. जमीन २६ चौरस किलोमीटर असली तरी हक्काचं सागरी क्षेत्र सात लाख चौरस किलोमीटरहून जास्त आहे, आणि त्यात टूना, म्हणजे आपला कुपा, भरपूर. पॅसिफिकमधल्या शेजारी देशांबरोबर मिळून ते परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस विकतात. एका जहाजाच्या एका दिवसाला किमान ८००० अमेरिकी डॉलर. दुसरं उत्पन्न योगायोगाचं. इंटरनेटवर देशांना अक्षरं वाटली गेली तेव्हा तुवालूच्या वाट्याला 'टीव्ही' आली. वेबसाइटच्या नावापुढे 'डॉट टीव्ही' लावायला जगभरच्या व्हिडिओ कंपन्या पैसे मोजतात आणि त्याचे वर्षाला सुमारे एक कोटी अमेरिकी डॉलर देशाला मिळतात. २००० साली युनोचं सदस्यत्व घेण्याचा खर्च याच पैशातून झेपला. म्हणजे तुम्ही म्हणता ती खुर्ची दोन अक्षरांच्या भाड्यातून आली. त्याशिवाय १९८७ पासून एक राष्ट्रीय ठेव आहे, परदेशी देणग्यांतून उभारलेली. तिचं उत्पन्न अडीअडचणीला वापरतात. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर, नाणी मात्र स्वतःची.

आता बुडण्याचं. इथे दोन्ही बाजूंचे लोक अर्धंच सांगतात. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जुने हवाई फोटो आणि उपग्रहचित्रं ताडून दाखवलं की १९७१ ते २०१४ या काळात तुवालूची एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढली. लाटा पोवळ्यांचा चुरा आणून टाकतात, काही बेटं झिजतात, काही भरतात. १९७२ च्या बीबी चक्रीवादळाने फुनाफुतीतली घरं जमीनदोस्त केली, आणि त्याच वादळाने किनाऱ्याला पोवळ्यांच्या दगडांचा १८-१९ किलोमीटरचा बांध रचून दिला. हे वाचून काही जण "बघा, सगळं थोतांड" म्हणतात. पण माणूस क्षेत्रफळावर जगत नाही, पाण्यावर जगतो. तिथला समुद्र तीस वर्षांत सुमारे १५ सेंटिमीटर चढला आहे. पोवळ्याची जमीन चाळणीसारखी, त्यामुळे वर्षारंभीच्या मोठ्या भरतीला पाणी किनाऱ्यावरून येतं तसं जमिनीतूनही वर येतं. अंगणात बुडबुडे येतात आणि बघता बघता डबकं होतं. विहिरीचं पाणी प्यायच्या लायकीचं नाही, सगळी भिस्त छपरावरून टाकीत पडणाऱ्या पावसावर. २०११ मध्ये पाऊस दडी मारून बसला तेव्हा आणीबाणी जाहीर झाली आणि घरागणिक बादल्या मोजून पाणी दिलं गेलं. चहूकडे पाणी असलेल्या देशात! अलीकडे त्यांनी फोंगाफालेला भर घालून ७ हेक्टरांहून जास्त नवी, उंच जमीन तयार केली आहे. जायची तयारी करणारे लोक असलं काम अंगावर घेत नाहीत.

ऑस्ट्रेलियाने सगळ्यांना बोलावलेलं नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात 'फालेपिली' करार झाला, ऑगस्ट २०२४ मध्ये तो लागू झाला. फालेपिली म्हणजे शेजारधर्म. त्यानुसार वर्षाला २८० जणांना चिठ्ठी काढून ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा परवाना मिळतो, आणि त्यांनी तुवालूला कधीही परत यावं. पहिल्या सोडतीला, २०२५ मध्ये, कुटुंबीय धरून ८७५० नावं आली. म्हणजे देशातली बरीचशी. यावरून "सगळे पळताहेत" असं पेपरांनी लिहिलं. मला वाटतं, मुलांच्या शिक्षणाला आणि दवाखान्याला दार उघडं असावं म्हणून बहुतेकांनी नाव टाकून ठेवलं असेल. आपणही टाकलं असतं. कराराची दुसरी बाजू तिथे जास्त वादाची आहे: संरक्षणाच्या बाबतीत दुसऱ्या कुठल्याही देशाशी काही ठरवायचं तर ऑस्ट्रेलियाची संमती लागते. त्या बदल्यात संकटात मदत आणि एक लेखी कबुली, की जमीन गेली तरी तुवालू हा देश राहील. हेच कलम त्यांनी २०२३ मध्ये स्वतःच्या राज्यघटनेतही घातलं आहे. मासेमारीचे हक्क कुणाचे, हा त्यामागचा रोकडा प्रश्न. जमीन नाही म्हणून देश नाही ठरलं तर सात लाख चौरस किलोमीटरचा समुद्र कुणाच्या नावावर?

शेवटी तुम्ही "जाता येतं का" असं विचारलंय. येतं. सोपा मार्ग सुवाहून, लहान विमानाने अडीचेक तास. भारताचं तुवालूसाठीचं कामही सुवाच्याच उच्चायुक्तालयातून चालतं. रोख ऑस्ट्रेलियन डॉलर जवळ ठेवा. देशातलं पहिलं एटीएम एप्रिल २०२५ मध्ये बसलं, पण त्यावर विसंबू नका. रविवारी सगळं बंद आणि सगळे चर्चमध्ये, त्यामुळे पोचायचा दिवस तो धरू नका. परतीच्या तिकिटानंतर दोन दिवस मोकळे ठेवा. आणि संध्याकाळी धावपट्टीवर फिरायला गेलात तर चपला काठावर काढून ठेवू नका, माझी एक कुत्र्याने नेली.