एलियनच्या सिनेमांत खरंच सामाजिक भाष्य असतं, की आपणच ते ओढूनताणून काढतो?

दोन्ही घडतं. १९५६ चा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' घ्या. शेजारीपाजारी दिसायला तेच, पण आतून भलतेच कुणीतरी. त्यात काहींना कम्युनिस्टांची भीती दिसली, तर काहींना अगदी उलट, कम्युनिस्ट हुडकायच्या नादात माणसं कशी एका साच्यातली होत गेली ते दिसलं. तिथे 'अर्थ आपण काढतो' असं म्हणालात तर मी वाद घालणार नाही. 'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) बद्दल मात्र घालेन.

गोष्ट अशी: १९८२ साली जोहान्सबर्गवर एक अवाढव्य यान येऊन थांबतं. आत उपासमारीनं खंगलेले परग्रहवासी. त्यांना खाली आणून छावणीत ठेवतात, छावणीची झोपडपट्टी होते आणि काही वर्षांनी शहरातले लोक म्हणू लागतात, यांना इथून हलवा. ते काम एका कंपनीकडे जातं आणि कंपनीचा विकस नावाचा कारकुनी वळणाचा माणूस दारोदार नोटिसा घेऊन फिरतो.

पहिल्यांदा थिएटरमध्ये पाहिला तेव्हा माझ्या लक्षात राहिली ती शेवटची धुमश्चक्री. दुसऱ्यांदा घरी पाहताना मी विकसच्या हातातल्या कागदांपाशीच अडकलो. घर खाली करायला तयार असल्याची सही हवी असते. एक जण चिडून त्या कागदावर फटका मारतो, त्याचा ओरखडा उमटतो, आणि विकस म्हणतो की झाली सही. पुढच्या दारातला नोटीस वाचतो आणि हे कायद्याला धरून नाही म्हणतो. त्यावर विकस त्याच्या पोराकडे बघत बालकल्याणवाल्यांचा धाक घालतो. आणि या परग्रहवासीयाचं नाव काय, तर ख्रिस्तोफर जॉन्सन! हे नाव त्याच्या आईनं ठेवलेलं नसणार, कुठल्यातरी नोंदवहीतच पडलेलं असणार. मला तरी त्या सिनेमातली सगळ्यात मोठी हिंसा ही वाटते. बंदुका नंतर येतात.

यातलं काहीही हवेतून आलेलं नाही. केपटाउनमध्ये 'डिस्ट्रिक्ट सिक्स' नावाची वस्ती होती. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारनं ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली, आणि पुढच्या काळात साठ हजारांहून जास्त लोकांना उठवून केप फ्लॅट्सच्या माळावर नेऊन टाकलं. सिनेमाचं नाव तिथून येतं.

पण दिग्दर्शक नील ब्लॉमकॅम्प फक्त जुन्या पापावर बोट ठेवत नाही, म्हणून तो मला मोठा वाटतो. या सिनेमाआधी त्यानं याच कल्पनेवर एक लघुपट केला होता. त्यासाठी जोहान्सबर्गच्या खऱ्याखुऱ्या लोकांना विचारलं की झिंबाब्वे आणि नायजेरियातून आलेल्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं. मिळालेली उत्तरं त्यानं परग्रहवासीयांबद्दलची म्हणून वापरली, आणि ती चपखल बसली! वर्णभेद संपल्यानंतरची, दुसऱ्या आफ्रिकी देशांतून आलेल्या माणसांबद्दलची उत्तरं होती ती. पुढे २००८ मध्ये सोवेटोतल्या चियावेलो वस्तीत या सिनेमाचं चित्रीकरण झालं. त्याच वर्षी मे महिन्यात जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा भागातून परदेशी स्थलांतरितांवरचे हल्ले सुरू झाले आणि देशभर ६२ माणसं मारली गेली.

एक गोष्ट मला आजही खुपते. परक्यांच्या द्वेषाविरुद्ध बोलणाऱ्या याच सिनेमात नायजेरियन माणसं म्हणजे गुंड आणि परग्रहवासीयांचं मांस खाणारे, एवढंच दाखवलंय. टोळीच्या म्होरक्याचं नावही त्यांच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या नावाशी जुळणारं. नायजेरियाच्या तेव्हाच्या माहितीमंत्री डोरा अकुनीली यांनी माफीची मागणी केली, थिएटरांना सिनेमा उतरवायला सांगितलं. बंदी मला पटत नाही, पण त्यांचा राग शंभर टक्के रास्त होता. 'प्रॉन' म्हणजे कोळंबी म्हणून हिणवलेल्या परग्रहवासीयाला दिग्दर्शकानं बाप केलं, शास्त्रज्ञ केलं, परत येण्याचा शब्द देणारा केलं. तसा एकही नायजेरियन माणूस त्याला सुचला नाही.