लेक सुपीरियरमध्ये शिडाच्या बोटीवर दोन रात्री, जावं का?

प्रश्न : मुलगी-जावई मिनियापोलिसला असतात, ऑगस्टमध्ये आम्ही दोघं जातोय. जावयांनी लेक सुपीरियरच्या अपॉसल आयलंड्समध्ये शिडाच्या बोटीवर दोन रात्रींची ट्रिप ठरवलीय, बोट ते स्वतःच चालवणार म्हणे. मला पोहता येत नाही, ह्यांना तर घाटात गाडीसुद्धा लागते. सगळे म्हणतात, तलावच तर आहे, घाबरायचं काय. जावं का?
- एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : जा ताई, नक्की जा, पण "तलावच तर आहे" हे काही मनावर घेऊ नका. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो, इथे तसलं काही नाही. सुपीरियर साधारण 82,000 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून मोठा, आणि सगळ्यात खोल जागी 406 मीटर. 1975 च्या नोव्हेंबरात एडमंड फिट्झगेराल्ड नावाचं भलंमोठं मालवाहू जहाज ह्याच तलावात वादळात बुडालं, 29 च्या 29 माणसं गेली. ऑगस्टमध्ये एवढं भयंकर सहसा नसतं, तरी हवामान बघूनच निघायचं.

पोहण्याचं म्हणाल तर खरी भीती गारठ्याची. तिथलं पाणी उन्हाळ्यातही इतकं गार की अचानक पडलं तर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो, म्हणून लाइफ जॅकेट डेकवर कायम अंगात पाहिजे, बाकावर नको. स्वेटर-कानटोपी घ्याच, लेक हसली तर हसू द्या.

बोट वाऱ्याने एका अंगावर कलते तेव्हा नवखा माणूस हमखास ओरडतो. कप घसरतात, आत टेबलावरचं सगळं खाली येतं, पण बोटीच्या पोटाखाली कील म्हणून जड वजन असतं, ते तिला परत सरळ खेचतं, तेव्हा कलणं हा बोटीचा स्वभावच समजा. सांभाळायचं ते डोकं, कारण दिशा बदलताना शिडाखालचा आडवा दांडा, बूम, सपकन ह्या बाजूचा त्या बाजूला जातो. तुमच्या ह्यांना केबिनमध्ये झोपवू नका, तिथे जास्त मळमळतं, वर बसवून लांब क्षितिजाकडे बघायला सांगा, आणि गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच द्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा काही उपयोग नाही.

बेटं एकूण 22, त्यातली 21 सरकारी संरक्षणाखाली, उरलेलं मॅडेलिन सगळ्यात मोठं, तिथे गाव आहे. इतकी बेटं जवळजवळ असल्याचा फायदा असा की वारा कुठूनही येवो, कुठल्या तरी बेटाचा आडोसा मिळतो. म्हणून रात्री नांगर कुठे टाकायचा ते घरून ठरवून जाऊ नका. स्टॉकटन बेटाच्या प्रेस्क आइल बेमध्ये (बे म्हणजे किनाऱ्यात आत शिरलेलं पाणी) नैऋत्येचा वारा सरळ आत घुसतो, रात्रभर बोट हलत राहते, मग पलीकडच्या ज्युलियन बेमध्ये गेलेलं बरं (तिथली वाळू कोरडी असली की पायाखाली चक्क कुईकुई वाजते). एक दिवस हातात जास्त ठेवायला सांगा, परतीचं विमान ट्रिपच्या दुसऱ्याच दिवशी असलं की माणसं नको त्या हवेत बोट हाकतात.

जावयांना एवढं विचारा, प्रेमानेच विचारा, की एवढी मोठी बोट आधी चालवलीय का आणि व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटीवरचा बिनतारी संच, वापरता येतो का, कारण मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. नाही म्हणाले तर कॅप्टनसकट बोट घ्या, पैसे जास्त जातील, जाऊ देत.

आणि हो, स्टॉकटनवर काळी अस्वलं आहेत, चिवडा-लाडवांचे डबे किनाऱ्यावर ठेवून फिरायला जाऊ नका, बोटीतच राहू द्या.