‘मूट पॉइंट’ कुठे लिहावा, कुठे टाळावा

प्रश्न थोडक्यात असा: स्पर्धा परीक्षेच्या सरावनिबंधात ‘सेपरेट विदर्भ इज अ मूट पॉइंट’ असं लिहिलं. क्लासच्या सरांना ते चाललं, अमेरिकेतल्या दादाने मात्र अर्थ उलटा होतो म्हणून सांगितलं. बरोबर कोण? दोघंही. तरी ते वाक्य बदलाच.

ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मूट म्हणजे ज्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं आणि निवाडा झालेला नाही असा मुद्दा. अमेरिकेत मूट म्हणजे निवाडा दिला तरी आता कुणाला काही फरक पडणार नाही असा मुद्दा. म्हणजे तुमचं वाक्य लंडनमध्ये ‘विदर्भाचा प्रश्न वादाचा आहे’ असं, तर शिकागोत ‘विदर्भाच्या प्रश्नाला आता काही अर्थ उरलेला नाही’ असं वाचलं जाईल. हा दुसरा अर्थ एखाद्या विदर्भवाद्याला ऐकवू नका बाप्पा!

दोन्ही अर्थांचं मूळ लॉ कॉलेजच्या मूट कोर्टात दिसतं. तिथला काल्पनिक खटला मुद्दामच असा बेतलेला असतो की याचिकाकर्ता आणि प्रतिवादी दोघांनाही तगडा युक्तिवाद करता यावा. स्पर्धेत तर सहसा एकाच संघाला दोन्ही बाजूंची मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, तयार करावी लागतात. हा जुना अर्थ. पण निकाल कुणाच्याही बाजूने लागो, खऱ्या पक्षकाराचं त्यात काही जात नाही. अमेरिकी न्यायालयांनी नेमकी ही बाजू उचलली. 1974 चा डीफ्युनिस विरुद्ध ओडेगार्ड हा खटला बघा. लॉ स्कूलने प्रवेश नाकारला म्हणून विद्यार्थी कोर्टात गेला, कोर्टाच्या आदेशाने त्याला प्रवेश मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयात प्रकरण ऐकलं जाईपर्यंत तो शेवटच्या वर्षाला पोचला होता. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी खटला मूट ठरवला आणि मूळ वादावर निर्णय दिलाच नाही. आपल्या नागपूर खंडपीठात निविदेला आव्हान दिलं आणि सुनावणीआधीच निविदा रद्द झाली, तर ती याचिकाही अशीच, पण बहुधा ‘इन्फ्रक्चुअस’ म्हणजे ‘आता निरर्थक झालेली’ म्हणून निकाली निघते.

वर आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांनी तिसरी भर घातली आहे. ‘द मूट क्वेश्चन इज’ असं लिहितात तेव्हा त्यांना बहुतेकदा ‘कळीचा प्रश्न’ म्हणायचं असतं. परीक्षेत हा अर्थ नको. ‘सिव्हिक बॉडी मूट्स न्यू फ्लायओव्हर’ या मथळ्यातलं क्रियापद आणखी वेगळं: प्रस्ताव मांडला, एवढंच. अमेरिकी वकील मात्र ‘मूटेड’ हे ‘निरर्थक ठरवलं’ या अर्थानेही वापरतात.

चुका ठरलेल्या असतात. उच्चार आणि स्पेलिंग रिमोटवरच्या म्यूटचं करू नका. इथे दोन ओ आहेत. ‘इज अ मूट पॉइंट’चा कर्ता म्हणून प्रश्न येत असेल तर वाक्य ‘व्हेदर’ने सुरू करा, ‘इफ’ने नाही. ‘द मूट क्वेश्चन इज दॅट हू विल पे?’ यात दोन चुका आहेत: ‘दॅट’ नको आणि प्रश्नचिन्हही नको.

पर्याय निवडताना वजन बघा. ‘ओपन क्वेश्चन’ सगळ्यात निर्धोक, कुठल्याच बाजूला झुकत नाही. ‘डिबेटेबल’ वरवर तटस्थ, पण ‘दॅट्स डिबेटेबल’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘मला पटत नाही’ असंच ऐकू येतं. ‘अर्ग्युएब्ली’ उलट होकाराकडे झुकतं. कोर्टात ‘अर्ग्युएबल’ म्हणजे विचारात घेण्याजोगा मुद्दा, ‘वादग्रस्त’ नव्हे. हे भाषांतर करताना फार जण फसतात. ‘कॉन्ट्रोव्हर्शियल’ तेव्हाच, जेव्हा खरोखर गदारोळ झालेला असतो. आणि ‘बेग्ज द क्वेश्चन’ इथे अजिबात नको. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरणं, हा तर्कातला दोष त्यातून सांगितला जातो.

विदर्भासाठी ‘व्हेक्स्ड क्वेश्चन’ चपखल बसतं, म्हणजे वर्षानुवर्षं चिघळलेला, न सुटलेला प्रश्न. विदर्भाला मराठी राज्यात सामील करण्यासाठीचा 1953 चा नागपूर करार, 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस, 1956 मध्ये नागपूरचं गेलेलं राजधानीपण, एवढं पुढच्या दोन ओळींत आलं की तो शब्द शोभून दिसतो. पहिलं वाक्य असं ठेवा: ‘व्हेदर विदर्भ शुड बी अ सेपरेट स्टेट रिमेन्स अ व्हेक्स्ड क्वेश्चन.’ हे सरही पास करतील आणि दादाही.