डेंटलला जायचंय, मग जिऑलॉजी घेऊ का?

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला आणि त्याच्या मागोमाग तुझ्या आईचाही फोन आला, त्यामुळे दोन्ही बाजू कळल्या. तुला पुढे डेंटल स्कूलला जायचंय हे पक्कं, पण कॉलेजात मेजर, म्हणजे मुख्य विषय, जिऑलॉजी (भूगर्भशास्त्र) घ्यायचंय, आणि घरी सगळ्यांना वाटतंय की दातांची डॉक्टर व्हायचं तर बायोलॉजी सोडून दुसरं काही घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं. माझं मत आधीच सांगून टाकते, जिऑलॉजी घे. फक्त नीट आखून घे, कारण या वाटेवर दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे लक्ष दिलं नाही तर अख्खं वर्ष जातं आणि पहिल्या वर्षात कुणी त्याबद्दल बोलत नाही.

आईवर चिडू नकोस हं. तिच्या डोक्यात आपल्याकडची पद्धत आहे, बारावीला बायोलॉजी, मग नीट, मग थेट बीडीएस, चार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. तिथे अठराव्या वर्षी मुलगी डेंटल कॉलेजात बसलेली असते, त्याआधी चार वर्षं काय शिकायचं हा प्रश्नच कुणाला पडत नाही. इथे अमेरिकेत आधी बॅचलर्स आणि मग चार वर्षं डीडीएस नाहीतर डीएमडी (नावं दोन असली तरी डिग्री एकच, त्यावरून शाळा निवडू नकोस). आणि प्री-डेंटल म्हणजे बहुतेक युनिव्हर्सिट्यांत मेजर नसतंच, तो नुसता एक ट्रॅक असतो, म्हणजे ठरावीक कोर्स करायचे आणि बाकी मेजर तुझं तू निवडायचं. डेंटल स्कूलं मेजरवरून कुणाला नाकारत नाहीत, म्युझिकवाले, इकॉनॉमिक्सवाले, इंजिनिअर सगळे येतात. बायोलॉजीवाले सगळ्यात जास्त दिसतात ते मुख्यतः अर्जच त्यांचे सगळ्यात जास्त असतात म्हणून.

आता आकडे बघ. बहुतेक शाळांना बायोलॉजी ८ क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) लॅबसकट, जनरल केमिस्ट्री ८, ऑरगॅनिक केमिस्ट्री ८, फिजिक्स ८, वर बायोकेमिस्ट्रीचा निदान एक कोर्स आणि इंग्लिश लागतं, काहींना मायक्रोबायोलॉजी, ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीही हवं असतं. सगळं धरून ४० ते ५० क्रेडिट होतात आणि डिग्रीला लागतात १२०. जिऑलॉजीच्या बीएसला जनरल केमिस्ट्री, फिजिक्स आणि कॅल्क्युलस साधारणपणे करावंच लागतं, म्हणजे त्यातले १६ क्रेडिट तुझ्या मेजरमध्येच निघतात, उरलं बायोलॉजी, ऑरगॅनिक, बायोकेम, ते इलेक्टिव्हमध्ये घालायचं. बसतं सगळं, पण घट्ट बसतं, म्हणून पहिल्याच सेमिस्टरला चार वर्षांचा तक्ता कागदावर मांड आणि जिऑलॉजीचा ॲडव्हायझर आणि प्री-हेल्थचा ॲडव्हायझर दोघांनाही दाखव, कारण एकाला दुसऱ्याच्या डिपार्टमेंटची कल्पना नसते. तुझ्या एपी बायोलॉजीच्या पाचावर (शाळेत असताना दिलेल्या कॉलेज-लेव्हल परीक्षेतल्या वरच्या ग्रेडवर) फार विसंबू नकोस, कॉलेज क्रेडिट देईल पण काही डेंटल स्कूलं एपी धरत नाहीत आणि काही धरतात पण वरच्या लेव्हलचा बायोलॉजी कोर्स कर म्हणतात. तसंही डेंटलच्या पहिल्या वर्षात ॲनाटॉमी, हिस्टॉलॉजी, फिजिऑलॉजी असं अंगावर येतं की आधी एकदा वाचलेलं असलं तर बरंच सोपं जातं, तेव्हा फिजिऑलॉजी तू घेच.

मी जिऑलॉजी घे म्हणतेय ते तुझं मन राखायला म्हणून नाही. नाशिकला आजोबांकडे गेलीस की येताना अपोफिलाइट नाहीतर स्टिल्बाइट घेऊन येतेस आणि मला फोटो पाठवतेस, ते दगड दख्खनच्या बसाल्टच्या पोकळ्यांत कसे तयार झाले हे तू मला कुणी न विचारता अर्धा तास सांगितलंस. ज्या विषयाबद्दल माणूस असं बोलतो त्या विषयात मार्क राहतात. आणि इथे मार्कांना पर्याय नाही, ज्यांना सीट मिळते त्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, ३.६ च्या आसपास असतो, आणि दोनशे-तीनशे मुलांच्या बायोलॉजीच्या क्लासमध्ये मन नसताना चार वर्षं काढून तो टिकवणं अवघड आहे. मी दर वर्षी अशी मुलं बघते, आमच्या क्लिनिकला शॅडोइंगला, म्हणजे डेंटिस्टचं काम शेजारी राहून बघायला, येतात, बायोलॉजी का घेतलं विचारलं तर म्हणतात डेंटलसाठी, आवडतं काय विचारलं तर गप्प. मला त्यांची फार काळजी वाटते गं. ज्यांना बायोलॉजी मनापासून आवडतं त्यांच्याबद्दल मी बोलतच नाहीये, त्यांनी तेच घ्यावं, सगळ्यात सरळ रस्ता तोच आहे.

शिवाय तुझ्या विषयाचा दातांशी संबंध नाही असं जे घरात चाललंय ना, ते तर अजिबात खरं नाही. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, वजनाने साधारण ९६ टक्के खनिज असतं, हायड्रॉक्सिॲपटाइट, म्हणजे तुझ्या मिनरलॉजीच्या पुस्तकातल्या ॲपटाइटच्याच कुळातलं. ड्रिल करताना बर (ड्रिलचं फिरणारं टोक) इनॅमलमध्ये असतो तोवर एक बारीक चिवट आवाज येतो आणि हाताला कडकपणा कळतो, मग त्याच्या आतलं डेंटिन लागलं की आवाज बसतो आणि हात एकदम मऊ जागेत गेल्यासारखा वाटतो, ही दोन वेगळी मटेरियल आहेत हे पुस्तकाआधी बोटांना कळतं. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की हे खनिज विरघळायला लागतं, कीड लागणं म्हणतात त्याची सुरुवात ती, आणि फ्लोराइड मिळालं की त्याच जाळीत हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसून ते ॲसिडला जास्त टिकतं.

आणि हे फ्लोराइड सापडलं कसं तेही तुला माहीत असायला हवं. १९०१ मध्ये फ्रेडरिक मॅके नावाचा नुकताच पास झालेला डेंटिस्ट कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेला आणि बघतो तर तिथे वाढलेल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग, कुणालाच कारण माहीत नाही. त्याने ते प्रकरण सोडलं नाही, पुढे जी. व्ही. ब्लॅकसारखा त्या काळचा मोठा डेंटिस्ट त्याच्याबरोबर आला, आणि असे डागाळलेले दात किडत मात्र कमी हेही त्यांच्या लक्षात आलं. संशय पाण्यावर होता पण पाण्यात काय ते कळेना, शेवटी १९३१ मध्ये अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीच्या चर्चिल नावाच्या केमिस्टने आर्कान्सामधल्या बॉक्साइट गावाच्या पाण्याचं पृथक्करण केलं तेव्हा भरपूर फ्लोराइड सापडलं. कोलोरॅडो स्प्रिंग्जला ते पाइक्स पीक डोंगराच्या खडकांमधून पाण्यात उतरत होतं. मग किती प्रमाणात फायदा आणि किती पुढे डाग याचा हिशोब लागला आणि १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सने सगळ्यात आधी शहराच्या पाण्यात फ्लोराइड घातलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्यामुळे कितीतरी गावांत लोकांचे दात आणि हाडं दोन्ही खराब झालीत, म्हणजे तिथे प्रश्न उलटा आहे पण मुळात खडकाचाच आहे. भूजल शिकलेली डेंटिस्ट किती जण असतात सांग बघू? तुझ्या पर्सनल स्टेटमेंटला, म्हणजे डेंटिस्ट का व्हायचंय ते सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधाला, ४५०० कॅरॅक्टर मिळतील, स्पेस धरून, आणि लहानपणी ब्रेसेस लावले तेव्हापासून मला डेंटिस्ट व्हायचं होतं असं तुला लिहावं लागणार नाही.

आता त्या अडचणीच्या जागा. पहिली फील्ड कॅम्प, म्हणजे बाहेर राहून प्रत्यक्ष खडकांचा अभ्यास. जिऑलॉजीच्या बीएसला बहुतेक ठिकाणी तो लागतो, पाच-सहा आठवडे उन्हाळ्यात, साधारण तिसऱ्या वर्षानंतर, मॉन्टाना-वायोमिंगकडे तंबूत, फोनला रेंज नाही. आणि नेमका त्याच वेळी अर्ज असतो. डेंटलचा कॉमन अर्ज, ॲडसास, मेच्या मध्याला उघडतो आणि जूनच्या सुरुवातीपासून सबमिट करता येतो, बऱ्याच शाळा आले तसे अर्ज वाचून इंटरव्ह्यूला बोलावत जातात, आणि डिसेंबरमध्ये ऑफर निघायला लागतात, त्यामुळे जूनचा अर्ज आणि सप्टेंबरचा अर्ज यात खूप फरक पडतो. म्हणून एक तर फील्ड कॅम्प दुसऱ्या वर्षानंतर करू देतात का विचार, नाहीतर बीएस ऐवजी बीए घे, तिथे बऱ्याचदा कॅम्प सक्तीचा नसतो आणि डेंटल स्कूलला बीए-बीएसने काही फरक पडत नाही, नाहीतर मग एक गॅप इयर धरूनच चाल. गॅप इयर म्हटलं की घरी वादळ होईल माहितेय मला, पण हल्ली खूप मुलं घेतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट सायन्स जीपीएची. ॲडसास बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स यांचा जीपीए वेगळा काढतं. बायोलॉजी मेजरवाल्याचे त्यात साठ-सत्तर क्रेडिट असतात, तुझे असतील चाळीसच्या आसपास, म्हणजे ऑरगॅनिकमध्ये एक सी आला तर तुझा आकडा त्याच्यापेक्षा जास्त खाली येणार, आणि कोर्स पुन्हा केला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही मोजतात. त्यामुळे ऑरगॅनिक ज्या वर्षी घेशील त्या वर्षी मिनरलॉजी आणि फिजिक्स त्याच सेमिस्टरला घेऊ नकोस, ॲडव्हायझर जमतंय म्हणाला तरी नको. शिफारसपत्रांचंही तसंच, निदान दोन सायन्सच्या प्रोफेसरांची पत्रं लागतात आणि काही शाळा त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स असं स्पष्ट लिहितात, तेव्हा जिऑलॉजीच्या सरांचं पत्र वरचं म्हणून धर आणि ऑरगॅनिकच्या ऑफिस अवर्सना (प्रोफेसरांच्या भेटीच्या वेळेला) पहिल्या आठवड्यापासून जाऊन बसत जा. जिऑलॉजीचं डिपार्टमेंट छोटं असतं, तिथे तुला नावाने ओळखतील, ते पत्र चांगलंच येईल, प्रश्न मोठ्या क्लासमधल्या प्रोफेसरांचा आहे.

डॅटची, म्हणजे डेंटलच्या प्रवेश परीक्षेची, फार धास्ती घेऊ नकोस. बायोलॉजीचे ४० प्रश्न, जनरल केमिस्ट्रीचे ३०, ऑरगॅनिकचे ३०, मग वाचन, गणित आणि परसेप्च्युअल ॲबिलिटी नावाचा एक भाग, ज्यात घडी केलेला कागद उलगडायचा, ठोकळे मोजायचे, वरून-समोरून-बाजूने आकृती ओळखायची असं असतं. फिजिक्स डॅटमध्ये नाहीच. परसेप्च्युअलच्या भागाने भल्याभल्यांना घाम फुटतो, पण जमिनीखालचे थर डोक्यात कापून बघायची ज्याला सवय आहे त्याला तो सोपा जाईल असं मला वाटतं, सराव मात्र करावाच लागेल. आता स्कोअर २०० ते ६०० मध्ये देतात, जुने सीनियर्स २०-२२ वगैरे सांगतील तो आधीचा स्केल.

आणि पैसे, हे मी आईबाबांसाठीही लिहितेय. इथून डेंटल करून बाहेर पडणाऱ्यांचं कर्ज सरासरी तीन लाख डॉलरच्या घरात असतं. त्यात २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस लोन (बॅचलर्सनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज) नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६ पासून बंद झालं आणि डेंटलसारख्या कोर्सला फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण दोन लाखांपर्यंतच मिळणार, वरचं प्रायव्हेट बँकेकडून, आणि प्रायव्हेट डेंटल स्कूलचा राहण्यासकट खर्च वर्षाला लाखाच्या वर सहज जातो. म्हणून बॅचलर्सला जास्त कर्ज करूच नकोस, स्टेट युनिव्हर्सिटीच बरी, त्या नावाजलेल्या प्रायव्हेट कॉलेजचं ॲडमिशन आलंय म्हणून भुलू नकोस. आणि समजा चार वर्षांत मन बदललं किंवा सीट लागायला वेळ लागला, तर जिऑलॉजीवर भूजल, एन्व्हायर्नमेंटल कन्सल्टिंग, स्टेटच्या सर्व्हेमध्ये काम मिळण्यासारखं असतं, ही सोय नुसत्या बायोलॉजीच्या बॅचलर्सवर मला तरी कमी दिसते.

शॅडोइंग मात्र याच हिवाळ्यात सुरू कर, शंभर तास हा साधारण आकडा धरतात, माझ्याकडे ये पण सगळे माझ्याकडे नकोत, एखाद्या कम्युनिटी क्लिनिकमध्येही बस, तिथे ज्यांना इन्शुरन्स नाही अशांचे दात बघशील तेव्हा हे काम आपल्याला करायचंय का ते तुझं तुलाच कळेल. तास तारखेसकट वहीत लिहीत जा. तक्ता झाला की फोटो काढून पाठव, मी आणि तू मिळून बघू, आणि आईशी आत्ता वाद घालत बसू नकोस, रविवारी मी तिला फोन करणारच आहे.

तुझी
मावशी