वाचकांचे प्रश्न : खपली काढू नका, असे कोणी म्हणायचे?

प्रश्न : १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याच्या, म्हणजे नामांतराच्या प्रश्नावरून आमच्या गावातल्या बौद्ध वस्तीत जाळपोळ झाली, तेव्हा मी सहावीत होतो. आज गावात भांडण नाही, लग्नपत्रिका दोन्हीकडे जातात. पण वस्तीतली माणसे पारावर टेकत नाहीत आणि त्या दिवसांविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. काही तरुणांना यावर बैठक घ्यायची आहे. जाणती मंडळी म्हणतात, ‘खपली काढू नका.’ आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षक, परभणी जिल्हा

उत्तर : खपली काढू नका असे कोण म्हणतो, ते आधी पाहावे. ज्यांची घरे जळाली त्यांनी तसे म्हटले, तर तो त्यांचा अधिकार आहे आणि तरुणांनी तो मानावा. इतरांनी म्हटले, तर ती त्यांची सोय आहे. आपल्या पत्रात वस्तीतल्या एकाही माणसाचे मत नाही, हे मला खटकले.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि लगोलग मराठवाड्यात हिंसाचार उसळला. पुढे १४ जानेवारी १९९४ रोजी, ऐन संक्रांतीला, ‘नामविस्तार’ झाला : ‘मराठवाडा’ हा शब्द राहिला आणि बाबासाहेबांचे नाव त्याला जोडले गेले. सोळा वर्षांनी पाटीचा तंटा मिटला. परंतु ज्या गल्लीशी रोजचे देणेघेणे होते त्याच गल्लीतून पेटते पलिते कसे आले, हा गावागावांतला प्रश्न कोणत्याही ठरावाच्या कक्षेत नव्हता, आणि तो आजही तसाच पडून आहे.

वर्णद्वेषी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेने असाच प्रश्न उघडपणे हाताळला. १९९५च्या कायद्याने तेथे आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व समेट आयोग नेमला गेला. राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची संपूर्ण कबुली जो देईल त्यालाच माफी, अशी अट होती. सात हजारांहून अधिक अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. माणसे सर्वांसमोर बोलली, रडली, आणि ‘असे काही घडलेच नव्हते’ असे म्हणण्याची वाट बंद झाली. मात्र भरपाईच्या वेळी सरकारने हात आखडला : आयोगाने सहा वर्षे वार्षिक मदतीची शिफारस केली होती, २००३ मध्ये एकरकमी ३० हजार रँड जाहीर झाले. ज्यांनी आपले दुःख चव्हाट्यावर मांडले त्यांना हे फार लागले, आणि ते रास्तच होते.

रवांडाचे उदाहरण आपल्या पाराला अधिक जवळचे आहे. १९९४ मध्ये हुतू अतिरेक्यांनी केलेल्या तुत्सींच्या वंशसंहारानंतर तुरुंग इतके भरले की नेहमीच्या न्यायालयांतून निकाल लागायला पिढ्या गेल्या असत्या. म्हणून ‘गचाचा’ नावाची जुनी गावपंचायत नव्या कायद्याने उभी केली गेली. या शब्दाचा संबंध गवताशी, म्हणजे ज्या हिरवळीवर गाव बसे तिच्याशी आहे. २०१२ मध्ये हे काम संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक खटले चालले. कित्येकांना आपल्या माणसाला कोठे पुरले ते तेथेच कळले. पण वंशसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या विजयी पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्यांना त्या हिरवळीवर जागा नव्हती, त्यामुळे काही घरांचे दुःख मुकेच राहिले.

म्हणून माझा सल्ला असा, की बैठकीने सुरुवात करू नये. आधी वस्तीतल्या वृद्धांच्या घरी जावे, एकेकट्याने जावे, आणि ऐकून घ्यावे. उत्तर देण्याची घाई करू नये. बैठक झालीच तर ती चावडीवर किंवा देवळात नको, वस्तीने सुचवलेल्या जागी व्हावी. आजोबांच्या कृत्याचा जाब नातवाला विचारू नये, पण आजोबांचे कृत्य नाकारण्याची मुभाही नातवाला देऊ नये. आणि त्याच बैठकीत गायरानाचा, स्मशानाच्या वाटेचा, पाण्याचा विषय निघाला, तर ‘आजचा विषय तो नाही’ असे म्हणू नये; वस्तीसाठी विषय तोच असतो. (आपण शिक्षक होतात, म्हणून हजेरी घेण्याचा मोह आवरावा, एवढे आगाऊपणे सुचवतो.)

प्रश्न : १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, महाविद्यालयात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या अत्याचारांवर भाषणे होतात. माझ्या मुस्लिम मैत्रिणीची नानी मात्र पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचे हैदराबाद संस्थान ताब्यात घेतल्यानंतर, त्यांच्या घरावर काय गुदरले ते सांगते. खरे काय मानायचे?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : दोन्ही. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, हे खरे आहे. सप्टेंबर १९४८च्या कारवाईनंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्या चौकशीसाठी केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान अंदाजला होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपले नांदेड व उस्मानाबाद होते. तो अहवाल दशकानुदशके बाहेर आला नाही. एका बाजूचे दुःख सांगितल्याने दुसऱ्या बाजूचे खोटे ठरत नाही. नानींची परवानगी असेल तर त्यांचे बोलणे त्यांच्याच दखनीत जसेच्या तसे लिहून घ्यावे, गाव आणि महिना विचारावा. तेव्हा त्या दहा वर्षांच्या असतील, तर आज नव्वदीला टेकल्या असणार. पुढच्या १७ सप्टेंबरची वाट पाहू नये.